डिजिटल ग्रंथालयाच्या अंदाजपत्रकात माणसाचा खर्च कसा मांडायचा?

तालुका_ग्रंथपाल

नमस्कार मंडळी.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयात मी चौदा वर्षं ग्रंथपाल आहे. प्राचार्यांनी पुढच्या तीन वर्षांचं डिजिटल ग्रंथालयाचं अंदाजपत्रक मागितलंय. बारा तारखेला महाविद्यालय विकास समितीची बैठक आहे, त्याआधी ग्रंथालय समितीत कागद मंजूर व्हायला हवा. सर्व्हर, हार्डडिस्क, स्कॅनिंग, वर्गणी, सगळ्यांचे दर माझ्याकडे आलेत. माणसाच्या रकान्यात काय लिहायचं ते ठरत नाहीये. २०१९ मध्ये तो रकाना कोराच सोडला होता. त्याचं काय झालं ते आधी सांगते, म्हणजे मी एवढ्यावर का अडून बसलेय ते कळेल.

आमच्या ग्रंथालयात दोन ठेवी अशा आहेत की त्या दुसरीकडे कुठे मिळायच्या नाहीत. एक, १९७१ पासूनचे आमच्या वार्षिकाचे अंक. दुसरी, आमच्याच गावातून निघणाऱ्या एका साप्ताहिकाच्या बांधीव फायली, १९५३ ते १९९२. साप्ताहिक बंद पडल्यावर संपादकांच्या घरच्यांनी त्या आम्हाला दिल्या. चार-चार पानांचे साधारण दोन हजार अंक आहेत. हैदराबाद राज्य, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला तो काळ, १९७२ चा दुष्काळ, हे सगळं गावच्या नजरेतून त्यात आलंय. गेल्या वर्षी इतिहासाची एक विद्यार्थिनी १९७२-७३ ची फाईल बघत होती. खडी फोडण्याच्या एका कामावरच्या हजेरीची बातमी तिला सापडली, त्यात तिच्या आजीच्या गावाचं नाव होतं. पान उलटताना कडेचा तुकडा तिच्या बोटाला चिकटून निघाला. ती रडवेली झाली. मी तो तुकडा पाकिटात घालून फाईलमध्येच ठेवलाय.

२०१९ मध्ये नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या भेटीची, तयारी चालू होती. एका पुरवठादाराला २ लाख ४० हजारांचं काम दिलं: एक स्कॅनर, दोन्ही ठेवींचं स्कॅनिंग, संकेतस्थळ आणि दोन वर्षांचं होस्टिंग. नॅकच्या सदस्यांना ते संकेतस्थळ दाखवलं, फोटो निघाले. दोन वर्षांनी ते बंद झालं. नूतनीकरणाच्या सूचना आमच्या लिपिकाच्या ईमेलवर जात होत्या, आणि लिपिक तोवर निवृत्त झाले होते. पुरवठादाराने दिलेल्या अकरा डीव्हीडींपैकी चार आता उघडत नाहीत. उरलेल्यांत पीडीएफ आहेत, त्याही १५० डीपीआयच्या, म्हणजे कमी स्पष्टतेच्या. बांधणीकडच्या घडीतला मजकूर गेलेला. फाइलींची नावं ‘स्कॅन १’, ‘स्कॅन २’. कुठला अंक कुठल्या तारखेचा ते प्रत्येक फाईल उघडून बघावं लागतं. स्कॅनर कपाटावर आहे, नव्या संगणकावर त्याचा ड्रायव्हर चालत नाही.

त्या वेळी माझ्या हातून राहिलेली गोष्ट एवढीच, की हे पुढे कोण सांभाळणार हे मी कागदावर लिहिलं नाही. मंजूर पदं ग्रंथपाल १, लिपिक १, परिचर ३. आज प्रत्यक्षात मी आणि एक परिचर मामा. सकाळी ८ ते संध्याकाळी ६ ग्रंथालय उघडं असतं.

म्हणून या ऑगस्टमध्ये मी एक काम केलं. रोज संध्याकाळी वहीत लिहिलं, की आज संगणकावरच्या सेवांसाठी किती वेळ गेला. महिनाअखेर बेरीज केली तर ४१ तास. त्यातले १४ तास एन-लिस्टची (महाविद्यालयांना वर्गणीवर ई-पुस्तकं आणि ई-जर्नल्स देणारी योजना) खाती. प्रथम वर्षाच्या ६४० मुलांची यादी एक्सेलमध्ये करायची, ईमेल तपासायचे (अर्ध्यांचे ईमेल नेटकॅफेवाल्याने काढलेले, पासवर्ड मुलांना ठाऊक नाही), मग ‘मॅडम, मेल आलाच नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला समोर बसवून उघडून द्यायचं. ९ तास तालिकेतल्या, म्हणजे संगणकावरच्या पुस्तकयादीतल्या, नोंदी दुरुस्त करण्यात. ७ तास नॅक आणि विद्यापीठाच्या वेगवेगळ्या तक्त्यांना. ६ तास मुलांना आणि दोन नव्या प्राध्यापकांना शोध कसा घ्यायचा हे शिकवण्यात. ५ तास बॅकअप, अपडेट, बंद पडलेला स्विच.

हे सगळं वर्गीकरण, देवघेव, खरेदी, अंकांची नोंद सांभाळून. मी काउंटर सोडून संगणकावर बसले की मामा एकटे पडतात.

माझ्याकडचे दर असे. एन-लिस्टची वर्गणी जीएसटीसह ५,९०० रुपये. सर्व्हर भाड्याने महिना १,५००. चार टीबीच्या दोन हार्डडिस्क मिळून २० हजार. वार्षिक अंक वगैरे १४ हजार पानं २ रुपयांनी आणि साप्ताहिकाची ८ हजार पानं, मोठी आणि नाजूक म्हणून, ८ रुपयांनी, म्हणजे ९२ हजार.

आता प्रश्न. तुम्ही माणसाचा खर्च पदाने मांडता की तासाने? समितीत व्यापारी मंडळी आहेत, एक डॉक्टर आहेत, चांगली माणसं आहेत. पण ‘आता सगळं ऑनलाइन झालं म्हणजे माणसं कमी लागतील ना?’ हा प्रश्न येणारच. आणि प्राचार्य म्हणतात की केंद्र सरकारची ई-जर्नल्सची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना आली, मग आपल्याला खर्च तरी कशाचा? याला तुम्ही काय सांगता?


निवृत्त_विद्यापीठ_ग्रंथालय

ताई, वही ठेवलीत हे फार चांगले केलेत. त्या वहीवरच आपल्याला हिशेब मांडता येईल.

मी बत्तीस वर्षे विद्यापीठाच्या ग्रंथालयात होतो. कर्मचाऱ्यांची मागणी करताना आम्ही ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांचे सूत्र वापरत असू. त्यात प्रत्येक विभागाच्या कामाचे माप आहे. देवघेवीसाठी वर्षाला काउंटर जितके तास उघडे, त्याला १५०० ने भागायचे. तुमचे दहा तास, वर्षाचे २८० दिवस धरले तर २,८०० तास. भागाकार १.८७. म्हणजे नुसते काउंटर चालवायलाच जवळजवळ दोन माणसे लागतात आणि तुमच्याकडे सगळी मिळून दोन आहेत. हा आकडा कागदाच्या अगदी वर लिहा.

सूत्र जुने आहे, संगणकपूर्व काळातले. त्यात डिजिटल कामाचे पद नाही, ते आपण त्याच पद्धतीने जोडायचे. महिना ४१ म्हणजे वर्षाला ४९२ तास. सात तासांचा दिवस धरला तर सत्तर दिवस. पंधराशेने भागले की ०.३३. तुमच्या आजच्या सेवा, स्कॅनिंगचे एक पानही न करता, एका माणसाचा तिसरा हिस्सा खातात. ऑगस्ट हा प्रवेशाचा महिना असल्याने कोणी शंका काढील, म्हणून फेब्रुवारीचीही अशीच नोंद ठेवा. आता मात्र हाताशी आहे तेच मांडा आणि ऑगस्टचे आहे असे स्पष्ट लिहा.

स्कॅनिंगचे तास वेगळे. पुरवठादार पान स्कॅन करून देतो, पण ते कुठल्या अंकाचे, कुठल्या तारखेचे, कुठला अंक गहाळ आहे, जोडअंक कुठला, हे ग्रंथालयाच्या माणसानेच लिहावे लागते. आम्ही जुन्या नियतकालिकांचे काम केले तेव्हा एका अंकाच्या नोंदीला सरासरी आठ मिनिटे लागत. दोन हजार अंक म्हणजे २६७ तास. शिवाय प्रत्येक पान डोळ्यांखालून घालणे. पाच सेकंदांत एक पान म्हटले तरी बावीस हजार पानांचे तीस तास होतात आणि हे काम एका बैठकीत तासाभराहून जास्त कोणी करू नये, नजर सुटते.

पद की तास, या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर तास. पद मागितले की फाईल विद्यापीठ, सहसंचालक कार्यालय अशी फिरत राहते. ते जरूर मागा, लिपिकाची जागा भरा म्हणून दरवर्षी पत्र द्या, त्याची पोच जपून ठेवा. पण संस्थेकडून या वर्षी जे मिळण्यासारखे आहे ते तासांच्या मोबदल्यावरचा सहायक आहे.

एक कायद्याची बाब. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये अशी तरतूद आली की बिगरव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाकडे छापील प्रत असेल, तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवता येते. इंटरनेटवर सर्वांसाठी खुली करणे ही त्यापुढची गोष्ट. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो, आणि तुमच्या साप्ताहिकात १९९२ पर्यंतचे लेख आहेत. संपादकांच्या कुटुंबीयांकडून साध्या कागदावर का होईना, लेखी संमती आजच घ्या. पुढची पिढी मुंबई-पुण्याला गेली की सही कोणाची घ्यायची तेच कळत नाही.


सर्व्हर_आणि_कोहा

मॅडम, मी पुण्यात राहतो, सात-आठ महाविद्यालयांची कोहा (तालिका आणि देवघेव सांभाळणारी प्रणाली) आणि डीस्पेस (डिजिटल संग्रह ठेवायची प्रणाली) बघतो. आधी तुमच्या प्राचार्यांच्या प्रश्नाचं बोलतो.

वन नेशन वन सबस्क्रिप्शनला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. २०२५, २०२६, २०२७ या तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी, ३० प्रकाशक, जवळपास १३ हजार ई-जर्नल्स. योजना केंद्र आणि राज्य शासनाच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे. तुमचं महाविद्यालय खासगी संस्थेचं आहे, तेव्हा ते मिळेल असं गृहीत धरून एन-लिस्टची वर्गणी तोडू नका. आणि समजा उद्या मिळालं, तरी त्या १३ हजार जर्नल्समध्ये तुमचं साप्ताहिक नाही. मुलांची खाती काढणं, मेल उघडून देणं हे १४ तासही तसेच राहणार. वर्गणी स्वस्त झाली म्हणून ती वापरायला शिकवणारं माणूस फुकट होत नाही. हे प्राचार्यांना याच शब्दांत सांगितलंत तरी चालेल.

आता सर्व्हर. महिना १,५०० मध्ये कोहा आरामात चालेल. डीस्पेसची सातवी आवृत्ती २०२१ ला आली, तेव्हापासून त्याचा पुढचा भाग वेगळा चालतो आणि मेमरी खूप लागते. १,५०० च्या सर्व्हरवर ते धापा टाकेल. तुमच्यासाठी डीस्पेस घालू नका असं माझं स्पष्ट मत आहे. कोहामध्ये प्रत्येक अंकाची नोंद करा, ८५६ या फील्डमध्ये पीडीएफचा दुवा द्या. दोन हजार अंकांना पुरतं. वेगळी प्रणाली म्हणजे वेगळे अपडेट, वेगळा बॅकअप, आणि ते करायला पुन्हा माणूस.

कोहा फुकट आहे, हे मात्र समितीला अर्धवट सांगू नका. न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी ते बनलं, जानेवारी २००० मध्ये सुरू झालं, आणि माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. परवान्याचा खर्च शून्य. पण दर महिन्याला दुरुस्तीची आवृत्ती येते, मे आणि नोव्हेंबरमध्ये मोठी आवृत्ती येते. मोठं अपडेट टाकायला मला एका महाविद्यालयाचे साधारण चार-पाच तास लागतात: आधी बॅकअप, चाचणीच्या सर्व्हरवर उतरवून बघायचं, मग रात्री खऱ्यावर. एक गोष्ट गेल्या वर्षभरात नवीन वाढलीय. एआयसाठी मजकूर गोळा करणारे बॉट तालिकेवर येऊन बसतात, हजारो शोध एकदम मारतात आणि सर्व्हर गुदमरतो. माझ्याकडच्या दोन ग्रंथालयांत मुलांना दुपारभर तालिका उघडत नव्हती. ते अडवणं हे आता नेहमीचं काम झालंय. कुठल्याच जुन्या अंदाजपत्रकात ते नाही.

तुम्ही लिहिलेल्या ९ तासांच्या दुरुस्तीबद्दल विचारतो. तुमचा मराठी डेटा कुठून आलाय? श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-पद्धतीतून रूपांतर केलेला आहे का?


तालुका_ग्रंथपाल

सर, अगदी बरोबर ओळखलंत. जुन्या प्रणालीत मराठी पुस्तकं श्रीलिपीत टाकली होती. युनिकोडमध्ये रूपांतर करून कोहात आणली. मुलं तक्रार करतात की ‘शेतकरी’ टाकलं तर पुस्तकं येतात आणि ‘शेतकऱ्यांचे’ टाकलं तर काहीच येत नाही. पुस्तक मात्र मामा दोन मिनिटांत कपाटातून काढून देतात. मला वाटायचं नोंदीत टंकनाची चूक असेल, म्हणून मी एकेक नोंद उघडून शब्द पुसून परत टाइप करत होते. परत टाइप केल्यावर सापडतं.


सर्व्हर_आणि_कोहा

थांबा मॅडम, एकेक नोंद करू नका. यात तुमची चूक नाही आणि नोंदीतही शुद्धलेखनाची चूक नाही.

‘ऱ्या’ हे अक्षर संगणकात दोन प्रकारे साठवता येतं. एक, नुक्ता असलेला ऱ, हलन्त, य. दुसरं, साधा र, हलन्त, मग न दिसणारं एक जोडचिन्ह, मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. रूपांतराच्या साधनाने तुमचा डेटा एका प्रकारात टाकला आणि मुलांच्या मोबाइलचा कळफलक दुसऱ्या प्रकारात टाइप करतो. म्हणून शेतकऱ्यांचे, दऱ्या, वाऱ्यावर, बिचाऱ्या, सगळे अडकतात. तुम्ही परत टाइप केलं की नव्या प्रकारात जातं आणि सापडतं. डेटाबेसवर एकदा नीट लिहिलेली आज्ञा चालवली की सगळ्या नोंदी एका संध्याकाळी सरळ होतील. त्यासोबत झेब्राची, म्हणजे कोहातल्या शोधयंत्राची, अनुक्रमणी आयसीयू या युनिकोडच्या पद्धतीवर आहे का ते तपासतो. देवनागरीला तीच लागते, आणि बसवताना बऱ्याच ठिकाणी ते राहून जातं.

हे मी तुम्हाला फोनवरून करून देईन, त्याचे पैसे नकोत. पण अंदाजपत्रकात हे उदाहरण घाला. ९ तास दर महिन्याला तुम्ही अशा कामात घालवत होता जे जाणत्याच्या हाताने एका संध्याकाळचं आहे. वर्षाला काही हजार रुपये देऊन असा हात धरून ठेवणं हीसुद्धा कर्मचाऱ्यांचीच तरतूद आहे.

साप्ताहिकाचं ओसीआर, म्हणजे स्कॅनच्या चित्रातून शोधता येणारा मजकूर काढणं, करणार असाल तर आणखी एक. टेसरॅक्ट हे त्याचं साधन मराठी वाचतं, पण १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या छपाईत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘त्यांत’ असे अनुस्वार सगळीकडे आहेत. आजचा मुलगा ‘काही’ शोधणार. मूळ मजकूर कुणी ‘सुधारू’ नये. शोधाच्या पातळीवर दोन्ही जुळवता येतात, तेव्हा त्यात आत्ता पडू नका. पानं चांगली स्कॅन झाली तर ओसीआर पाच वर्षांनी आणखी चांगलं होईल. १५० डीपीआयचं पान मात्र कधीच सुधारणार नाही. किमान ३०० डीपीआय, बारीक टाइपाला ४००, टिफ या चित्र-फाईलच्या स्वरूपातली मूळ प्रत वेगळी ठेवा, आणि पैसे देण्याआधी पन्नास पानांचा नमुना मागा.


शेजारचा_जिल्हा

मॅडम, आमचंही तुमच्यासारखंच तालुक्याचं महाविद्यालय. सरांनी सांगितलेली जाणत्या हाताची सोय आम्ही तीन महाविद्यालयांनी मिळून केलीय. एक मुलगा आहे, ग्रंथालयशास्त्राची पदवी आणि लिनक्स दोन्ही येतं. तिन्ही संस्था मिळून त्याला मानधन देतो. सोमवार-मंगळवार आमच्याकडे, बुधवार-गुरुवार दुसरीकडे, शुक्रवार-शनिवार तिसरीकडे. तिन्ही प्राचार्यांच्या सह्यांचा एक पानी करार केला. एकाला महिनाभर जास्त काम पडलं तर बाकीच्यांनी कुरकुर करायची नाही, एवढंच त्यात खरं महत्त्वाचं कलम. तिसरं वर्ष चालू आहे.

एक जोडतो, जरा कडक वाटेल. तुमच्या समितीत कुणीतरी नक्की सुचवेल की कमवा व शिकामधली मुलं घ्या, स्वस्तात होईल. मुलं घ्या. आमच्याकडे दोन मुली पानं तपासतात, सुंदर काम करतात, आणि त्यातली एक आता ग्रंथालयशास्त्राला जाणार आहे. पण कर्मवीरांनी ज्या मुलांना काम करत शिकायला बसवलं त्यांचं शिक्षण हे पहिलं होतं. परीक्षा आल्या की ती मुलं जाणार आणि जायलाच हवीत. सर्व्हरचा पासवर्ड, बॅकअपची जबाबदारी, मूळ फायलींना हात लावणं, हे त्यांच्यावर टाकू नका. कायमच्या रिकाम्या जागेवर विद्यार्थी बसवला की ती जागा पुन्हा भरली जात नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि मॅडम, बावीस हजार पानं एकदम नका करू. वार्षिक अंक आणखी ठिकाणी सापडतील, माजी विद्यार्थ्यांच्या घरी असतात. साप्ताहिक एकच आहे. पहिल्या वर्षी फक्त साप्ताहिक घ्या, तेही सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात तुटक्या फायली आधी.


निवृत्त_विद्यापीठ_ग्रंथालय

शेजारच्या जिल्ह्यातील मित्रांशी मी सहमत आहे, फक्त एका बाबतीत थोडे वेगळे मत. सर्वांत तुटकी फाईल सर्वांत आधी बाहेर पाठवू नका. पुरवठादाराला प्रथम मधल्या वर्षांची, बऱ्या स्थितीतील एक फाईल द्या. त्याचे हात कसे चालतात ते कळेल. स्कॅनिंग तुमच्या ग्रंथालयातच, तुमच्या डोळ्यांसमोर व्हावे अशी अट घाला, दर दोन रुपयांनी वाढला तरी चालेल. फाईल गावाबाहेर गेली आणि परत आली नाही, तर कुठल्याच अंदाजपत्रकात ती परत येत नाही.

हार्डडिस्कबद्दल. दोन घेत आहात, एक महाविद्यालयाबाहेर ठेवा. आणि वर्षातून दोनदा त्यावरून खरोखर एक फाईल उघडून पाहावी, त्याची तारीख रजिस्टरमध्ये लिहावी. तुमच्या चार डीव्हीडी २०१९ ला चालत होत्याच ना.


तालुका_ग्रंथपाल

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बसून पुन्हा मांडलं. बघा बरं.

कागदावर पहिलं वाक्य असं लिहिलंय: ‘सध्या सुरू असलेल्या डिजिटल सेवांना वर्षाला ४९२ तास लागतात, साप्ताहिकाच्या नोंदींना एकदाच २६७ तास, हे तास कोणी करायचे याची तरतूद खाली दिली आहे.’ काउंटरचा १.८७ चा हिशेब त्याच्या वर.

मग खर्च. अर्धवेळ सहायक, ग्रंथालयशास्त्राची पदवी असलेली, महिना १२ हजार, वर्षाचे १ लाख ४४ हजार. तांत्रिक देखभाल १५ हजार. आमच्या तालुक्यातल्या आणखी दोन महाविद्यालयांशी फोनवर बोलले, तीही तयार आहेत, म्हणून पुण्याच्या सरांचं मानधन तिघांत वाटून. एन-लिस्ट ५,९००. सर्व्हर १८ हजार. हार्डडिस्क २० हजार. स्कॅनिंग पहिल्या वर्षी फक्त साप्ताहिक, आमच्याच जागेत बसून, १० रुपये पानाने ८० हजार. एकूण २ लाख ८२ हजार ९००. यातले १ लाख ५९ हजार माणसांचे, म्हणजे निम्म्याहून जास्त. वार्षिक अंक दुसऱ्या वर्षाला ढकलले.

आकडा बघून मलाच धडकी भरली होती. मग २०१९ चं बिल शेजारी ठेवलं. २ लाख ४० हजार गेले आणि आज हातात सात डीव्हीडी आहेत. ती झेरॉक्ससुद्धा जोडतेय. प्राचार्यांना आधी दाखवली, त्यांनी दोनदा वाचली आणि म्हणाले, ‘लावा.’

संपादकांच्या धाकट्या सूनबाई गावातच असतात. काल त्यांच्याकडे जाऊन आले. संमतीचा कागद त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिला. आणि माळ्यावरून एक पिशवी काढली, त्यात १९५७ चे सुटे सव्वीस अंक निघाले. आमच्या फायलींत ते वर्ष अर्धंच होतं.


सर्व्हर_आणि_कोहा

मॅडम, देखभालीच्या ओळीत दोन गोष्टी शब्दांत लिहा. सर्व्हर आणि डोमेनचा नोंदलेला ईमेल महाविद्यालयाच्या पदाच्या नावाचा असेल, माणसाच्या नावाचा नाही, आणि त्याचा पासवर्ड बंद पाकिटात प्राचार्यांच्या कपाटात असेल. मागच्या वेळी तुमचं संकेतस्थळ तिथेच गेलं. आणि करार संपला की सगळा डेटा आठ दिवसांत महाविद्यालयाला परत, ही अट माझ्यासकट सगळ्यांना लावा.

‘ऱ्या’ची दुरुस्ती काल रात्री झाली. १,१४२ नोंदी बदलल्या. आता ‘शेतकऱ्यांचे’ दोन्ही प्रकारे टाकून बघा.


तालुका_ग्रंथपाल

सापडलं! सकाळी मामांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, चला, आता मला विचारायला कमी येतील. मी म्हटलं, उलट जास्त येतील, कारण आता पुस्तक आहे हे त्यांना कळेल.

बैठक झाली. पूर्ण मंजूर झालं नाही. सहायकाला एका वर्षाची मंजुरी मिळाली, पुढचं काम बघून. देखभाल, सर्व्हर, एन-लिस्ट, हार्डडिस्क पूर्ण मंजूर. स्कॅनिंगला निम्मे पैसे, ४० हजार, म्हणजे चार हजार पानं. मी १९५३ ते १९७२ घेणार आहे. ‘ऑनलाइन झाल्यावर माणसं कशाला?’ हा प्रश्न अपेक्षेप्रमाणे डॉक्टरांनीच विचारला. मी वहीच पुढे केली. त्यांनी ऑगस्टची पानं चाळली आणि ‘पासवर्ड, कला प्रथम वर्ष, २२ मुलं, १ तास ५० मिनिटं’ ही नोंद मोठ्याने वाचून दाखवली. मग म्हणाले, आमच्या दवाखान्यात नवीन सोनोग्राफी यंत्र आलं तेव्हा ते चालवणारी मुलगी आधी नेमली होती. त्यानंतर त्या ओळीवर कुणी बोललं नाही.

लिपिकाच्या जागेसाठीचं पत्रही त्याच दिवशी आवक-जावकला दिलं, पोच घेतली.

सहायक म्हणून आमचीच एक माजी विद्यार्थिनी येतेय, एक तारखेपासून. पहिले आठ दिवस तिला स्कॅनिंगला बसवणार नाही. १९५७ चे सव्वीस सुटे अंक आणि फाईलमधले अंक तारखेप्रमाणे लावून कुठले अजून कमी आहेत त्याची यादी करायची आहे. शेजारच्या जिल्ह्यातले सर, तुमच्याकडचा तो एक पानी करार आणि फाइलींना नावं द्यायचा तुमचा नमुना पाठवाल का? इथल्या दोन्ही प्राचार्यांना शनिवारी भेटायचं ठरलंय.